बँक ‘नाही’ म्हणते तेव्हा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे सांगणारे आपले वाडवडील मोठे व्यवहारी होते. पण तिसरी गोष्ट सांगायची त्यांच्याकडून राहून गेली. कर्ज पाहावे मागून! घर बांधताना गवंड्याचा स्वभाव कळतो, लग्नात व्याह्यांचा कळतो, आणि कर्ज मागताना आपली स्वतःची किंमत कळते. तीही दुसऱ्याने ठरवलेली, आणि तीही काचेच्या पलीकडून!

माझी सारी नोकरी खरेदीखते नोंदवण्याच्या कचेरीत झाली. त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक कागदांच्या पिशव्या घेऊन घरी येतात. चहा आमचा, कागद त्यांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरांच्या सौद्यांना ऊत येतो. पाडव्याला नव्या घरात पाऊल ठेवायचे, असे प्रत्येकाच्या मनात असते. यंदा आलेल्या पिशव्यांपैकी बऱ्याच पिशव्यांत एक कागद सारखा निघाला, बँकेच्या नकाराचा. तेव्हा या सदरातला यंदाचा फराळ त्याच विषयाचा. थोडा कडू लागेल. पण कारल्याची भाजीही आपण खातोच की.

पहिली गोष्ट ही की, नकार तोंडी घेऊन घरी येऊ नये. “साहेब नाही म्हणाले,” एवढेच सांगणारे लोक मला भेटतात. अहो, पण का नाही म्हणाले? ते त्यांनी विचारलेलेच नसते. विचारायची लाज वाटते. जणू काही आपणच चोरी केली आहे! वाचकहो, रिझर्व्ह बँकेने बँकांना घालून दिलेल्या शिस्तीत स्पष्ट आहे की, अर्ज नाकारला तर त्याचे मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावे. कर्ज लहान असो की मोठे, २००७ पासून हा नियम सर्व कर्जांना लागू आहे. तेव्हा नम्रपणे एक अर्ज द्या आणि कारण कागदावर मागून घ्या. कर्ज द्याच, असे बँकेला कोणी फर्मावू शकत नाही, लोकपालसुद्धा नाही. पण का देत नाही, हे सांगणे तिचे काम आहे.

हे कारण हाती आले की अर्धे काम झाले. कारण नकाराच्या मुख्य जाती दोनच. एक नकार माणसाला असतो आणि दुसरा मातीला. या दोन नकारांची औषधे अगदी वेगळी आहेत. माझ्या पाहण्यात जी घरे कर्जाने बुडाली, त्यांतली बरीचशी एका रोगावर दुसऱ्याचे औषध घेऊन बुडाली.

आधी माणसाचा नकार पाहू.

आमच्या ओळखीच्या एक बाई सिडकोत पोळीभाजीचे केंद्र चालवतात. पहाटे चारला उठतात, दोन बायकांना रोजगार देतात, आणि महिन्याकाठी चांगल्या पगारदाराच्या बरोबरीने कमावतात. त्यांनी हडकोत दोन खोल्यांचे जुने घर पाहिले. मोठी मौजेची गोष्ट बघा : ‘हडको’ हे मुळात घरांना कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळाचे नाव. ते १९७० साली स्थापन झाले, आणि आमच्या गावात ते नाव एका अख्ख्या वस्तीलाच चिकटले. अशा वस्तीत घर घ्यायला निघालेल्या या बाईंना बँकेने सांगितले, “उत्पन्नाचा पुरावा नाही.”

“काका, पुरावा कसला हवा यांना?” त्या तणतणत म्हणाल्या. “तीनशे पोळ्या रोज लाटते. हात दाखवू का?”

“ताई, हात तुमचे खरे, पण बँकेला हात दिसत नाहीत, खाते दिसते,” मी म्हटले. “गिऱ्हाईक पैसे कुणाच्या फोनवर पाठवतं?”

“पोराच्या.”

तिथेच सारे कोडे सुटले! कमाई आईची, आणि नोंद मुलाच्या खात्यावर. त्या दिवसापासून त्यांनी सारी वसुली आपल्या खात्यावर घ्यायला सुरुवात केली. करसल्लागाराकडून विवरणपत्र भरले. कर बसत नव्हता, तरी भरले. एक वर्ष गेले, दुसरे गेले. मग मुलाला सहकर्जदार करून त्यांनी गृहकर्ज कंपनीकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला. व्याज बँकेपेक्षा जास्त पडले, हे खरे. पण घर झाले, आणि दारावर पाटी त्यांच्या नावाची लागली. बाईच्या नावावर राहते घर घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. तीही त्यांना मिळाली.

आता ही गृहकर्ज कंपनी म्हणजे काय? आपल्याकडे बँका सामान्य माणसाला घरासाठी सहज कर्ज देऊ लागल्या, ती गोष्ट काही फार जुनी नाही. १९७७ साली हसमुखभाई पारेखांनी ‘एचडीएफसी’ काढली, ती केवळ घरासाठी कर्ज देणारी कंपनी. ती स्वतः २०२३ च्या जुलैत बँकेत विलीन झाली. पण तिच्या वाटेने निघालेल्या कंपन्या आज पुष्कळ आहेत. १९८९ ची ‘एलआयसी हाउसिंग’ ही त्यांतली मोठी. पगाराची चिठ्ठी नसलेल्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, शिंपीकाम करणाऱ्या बाईला कर्ज देणे हाच काही लहान कंपन्यांचा धंदा आहे. त्यांचा माणूस घरी येतो, दुकानात बसतो, गिऱ्हाइके मोजतो. या मेहनतीची किंमत तो व्याजात लावतो. २०१९ पासून या कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे आहे.

ही किंमत केवढी, ते आकड्यांत पाहा. बारा लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १०,४१४ रुपये. तेच तेरा टक्क्यांनी घेतले तर १४,०५९ रुपये. महिन्याला ३,६४५ रुपयांचा फरक. वीस वर्षांत तो पावणेनऊ लाखांच्या घरात जातो! म्हणून असे कर्ज घ्यावे ते पायरी म्हणून, मुक्काम म्हणून नव्हे. दोन-तीन वर्षे हप्ते एकही न चुकवता भरावेत आणि मग कमी व्याजाच्या बँकेकडे कर्ज हलवावे. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज व्यक्तीच्या नावावर असेल, तर ते मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड आकारता येत नाही. सही करण्यापूर्वी फक्त एवढेच पाहावे की, दर बदलता आहे की ठरीव. आता सर्व खर्च एका पानावर मांडलेला तक्ता देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. तो मागून घ्या, घरी आणा, आणि चष्मा लावून वाचा.

माणसाच्या नकाराची दुसरी तऱ्हा आपल्या भिडस्त स्वभावातून येते. एका मास्तरांचा अर्ज फेटाळला गेला. पगार उत्तम, स्वतःचे कर्ज एकही नाही. मग झाले काय? तर गावाकडच्या मित्राच्या ट्रॅक्टरला ते जामीन राहिले होते, आणि मित्राने हप्ते थकवले होते. जामीन म्हणजे नुसती सही नव्हे. ते कर्ज तुमच्याही नावापुढे पतनोंदीत लागते. सिबिलसारख्या चार संस्था आपल्या देशात ही नोंद ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. घर शोधायला निघण्याआधी तो मागवावा. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल किंवा दुसऱ्याच कुणाचे कर्ज आपल्या नावावर पडले असेल, तर तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. मास्तरांची नोंद मात्र खरी होती. त्यांनी मित्राच्या गावी तीन खेपा घातल्या, थोडे स्वतःचे घालून ते कर्ज पुरते मिटवले, आणि ‘बंद’ असा दाखला घेतला. ‘तडजोड’ आणि ‘बंद’ यांत फार अंतर आहे. तडजोडीने मिटलेले खाते म्हणजे पुढच्या बँकेच्या डोळ्यांत अर्धवट फिटलेले खाते.

माणसाच्या नकाराला आणखीही दारे आहेत. नगरी सहकारी बँक आपल्याला चेहऱ्याने ओळखते. पगारदारांची पतसंस्था पगारातून हप्ता कापते, म्हणून लहान गरज लवकर भागवते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज मिळते, भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. मात्र नागरी पतसंस्थेशी मोठा व्यवहार करताना एक लक्षात ठेवावे : बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. २०२३ साली याच शहरात एका पतसंस्थेचे ठेवीदार रस्त्यावर आलेले आपण पाहिले आहेत. तेव्हा कर्जापायी शेअर आणि ठेवीत मोठी रक्कम अडकवायला सांगितली, तर दहादा विचार करावा.

घर स्वस्त असेल आणि भारतात कुठेही आपले पक्के घर नसेल, तर २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली शहरी आवास योजनेची दुसरी आवृत्ती पाहावी. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याजसवलत, अशी तिची मांडणी आहे. ही रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांपर्यंत मिळते. पण तीसाठीही आधी कोणीतरी कर्ज मंजूर करावे लागते, हे विसरू नये.

आता मातीचा नकार. आमच्या गावाचे खरे दुखणे हेच.

दुखणे असे जडले. चिकलठाण्याला कारखाने आले, मग वाळूजला आले. १९८५ च्या सुमारास बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि बीड, जालना, परभणीकडची माणसे पोटासाठी इकडे धावली. सिडकोने १९७२ नंतर आखीवरेखीव वस्त्या वसवल्या खऱ्या, पण लोंढा मोठा आणि आखीव प्लॉट थोडे. मग शहराच्या कडेच्या शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडले. चाळीस गुंठ्यांचा एकर, १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि त्याचेही अर्धे-मुर्धे, वीस बाय तीसचे प्लॉट. ना बिगरशेती परवाना, ना मंजूर नकाशा. शंभर रुपयांच्या बॉण्डवर लिहून द्यायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. हीच गुंठेवारी. माणसाने तिथे घर बांधले, मुले वाढवली, मुलांची लग्ने केली. सारे खरे, पण बँकेत गेल्यावर तो बॉण्ड म्हणजे रद्दी. बँकेला तारण हवे असते ते कायद्याने तुमचे असलेले. जे तुमच्या नावावर नाही, ते तुम्ही गहाण कसे टाकणार?

माझा भाचा वाळूजला कारखान्यात आहे. पगार चोख, पतनोंद स्वच्छ. त्याने शहराच्या दक्षिणेला असेच बांधलेले घर पाहिले, किंमत अठरा लाख. पन्नास हजार इसार देऊन मोकळा झाला आणि मग बँकेत गेला. बँकेने कागद पाहून अर्ज परत केला. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो तिसऱ्याच गोष्टीची तयारी करून.

“मामा, एक जण पैसे द्यायला तयार आहे. तीन टक्क्यांनी.”

“वर्षाला?”

“महिन्याला.”

मी कागद घेतला आणि त्याच्यापुढे गुणाकार केला. बारा लाखांवर महिन्याला तीन टक्के म्हणजे छत्तीस हजार रुपये. तेही नुसते व्याज. मुद्दलातला एक रुपया कमी होत नाही. त्याचा पगार त्याहून कमी होता. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारणी कर्जावर वर्षाला पंधरा टक्क्यांपुढे व्याज घेता येत नाही. हा तर छत्तीस टक्के मागत होता, आणि वर कोऱ्या कागदावर सही.

“पण मामा, सगळी गल्लीच बॉण्डवर आहे. मग आम्हीच का भ्यायचं?”

“अरे, गल्लीला नोटीस येत नाही, घराला येते,” मी म्हटले.

हे मी उगीच म्हटले नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीच्या बाजूला महापालिकेचे बुलडोझर चालले, ते आमच्या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी ज्याच्या हाती परवानगी आणि खरेदीखत असते, त्याला निदान दाद मागता येते. ज्याच्या हाती बॉण्ड असतो, त्याने कुणापुढे उभे राहायचे?

वाचकहो, माणसाला नकार मिळाला तर दुसरे दार ठोठवावे; पण मातीला नकार मिळाला तर दुसरे दार ठोठवू नये. बँकेच्या वकिलाने फुकटात तुमच्या जमिनीची कुंडली पाहिली आणि मृत्युयोग सांगितला, असे समजावे. त्यावरही जो कोणी हसत पैसे देतो, त्याला जमिनीची पर्वा नाही. त्याचा डोळा तुमच्या पगारावर, बायकोच्या दागिन्यांवर, नाहीतर गावाकडच्या दोन एकरांवर आहे.

पण मातीचा दोषही पुष्कळदा दूर होतो, आणि तो दूर करण्याचे काम विकणाऱ्याचे असते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची सोय केली. ती आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांपुरती होती. २०२१ साली तिची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. वास्तुविशारदाकडून नकाशा काढून महापालिकेत फाइल द्यायची, शुल्क भरायचे, आणि नियमितीकरणाचे प्रमाणपत्र घ्यायचे. सर्वच जागांना हे लागू पडत नाही. रस्त्यात किंवा सरकारी जमिनीत गेलेले घर अशाने सुटत नाही. पण ज्यांना लागू पडते, त्यांच्यासाठी बँकेचे दार त्यानंतर किलकिले होते.

मी भाच्याला सांगितले, विकणाऱ्याला म्हण, “आधी गुंठेवारीची फाइल कर. शुल्क हवे तर किमतीतून वळते करू. पण प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत.” विकणाऱ्याने दोन महिने चालढकल केली आणि घर दुसऱ्याला विकून टाकले. इसारापैकी निम्मे परत दिले, निम्मे बुडाले. माझी बहीण चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. “तुझ्या कागदांनी पोराचं घर घालवलं,” असे तिने मला तोंडावर सांगितले. ते घर आजही उभे आहे, त्यात एक कुटुंब सुखाने राहते आहे, आणि त्यांचे तसेच चालू राहो. मी बरोबर होतो, हे सिद्ध होण्यासाठी कुणाचे घर पडावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. भाचा अजून बजाजनगरात भाड्याने राहतो. छत्तीस हजारांचे व्याज मात्र त्याच्या दारात बसलेले नाही, आणि दर महिन्याला तो काही रक्कम बाजूला टाकतो आहे. पुढच्या खेपेला आधी कागद आणि मग इसार, एवढा क्रम त्याने पक्का केला आहे.

तोच क्रम मी तुम्हालाही सांगतो. आवडलेल्या घराला इसार देण्याआधी सातबारा किंवा मालमत्तापत्रिका काढावी. त्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ असे असेल तर थांबावे. मराठवाड्यात निजामाच्या काळच्या इनाम-मदतमाश जमिनी आहेत, आणि सरकारच्या परवानगीवाचून त्यांच्या व्यवहारात पाय अडकतो. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा किंवा गुंठेवारीचे प्रमाणपत्र पाहावे. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. इसारपावतीत एक वाक्य आवर्जून घालावे : “जागेच्या कागदांतील दोषामुळे कर्ज नामंजूर झाल्यास इसार पूर्ण परत मिळेल.” या एका वाक्याने भाच्याचे पंचवीस हजार वाचले असते.

आणि पैशांचा हिशेब करताना बँक सारे देईल, असे धरू नये. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपलीकडे बँकेला जाता येत नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे अठरा लाखांच्या घरासाठी १ लाख ८० हजार आणि वर हा खर्च, एवढे गाठीला हवेत. सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जात असतील, तर बँक नको म्हणण्याआधी आपणच नको म्हणावे. घर एक खोलीने लहान घ्यावे.

घाबरून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि सहावा सावकार ती वाचतो. “मंजूर करून देतो,” म्हणून आधी फी मागणाऱ्या दलालाला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाच्या कचेरीत २०१४ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो, हेही अडचणीतल्या शेजाऱ्याला सांगावे.

ज्यांच्या घरी यंदा पाडव्याला नवा उंबरा आहे, त्यांचे अभिनंदन. ज्यांच्या घरी नकाराचे पत्र आहे, त्यांनी फराळ आटोपल्यावर ते शांतपणे पुन्हा वाचावे आणि नकार माणसाला आहे की मातीला, एवढे आधी पाहावे. मग काय करायचे ते वर लिहिलेच आहे. सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.